भिंतीपलीकडे पापनाशम

आमची गाडी पोलिसांनी उचलून नेली ही बातमी मला शेजारच्या सांबशिव अय्यरांनी दिली, आणि ती देताना त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी त्यांच्या मुलीच्या लग्नातही पाहिला नव्हता. मी शाळेत मुलांना नद्यांचे त्रिभुज प्रदेश शिकवत होतो. खिडकीच्या गजांतून तोंड आत घालून ते ओरडले, "वरुणराव, तुमची कार आकाशात गेली!"

वर्गातली मुलं आकाशाकडे पाहू लागली. मी खडू ठेवला आणि पळालो.

पश्चिम मुख्य रस्त्यावर आमच्या दारासमोर दोन महिने एक दुधी रंगाची, जुनी पण घरंदाज दिसणारी गाडी उभी असे. तिच्या जागी आता तेलाचा डाग होता आणि त्या डागाशेजारी, रोज गाडीखाली झोपणारं कुत्रं होतं. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू त्याचं छप्पर मीच विकून खाल्लं.

"क्रेन केवढी होती म्हणून सांगू!" सांबशिव अय्यर मागून धापा टाकत आले. "तुमची कार तिच्यापुढे वांग्यासारखी दिसत होती."

माझी गाडी. वांगं.

आता कोणी विचारेल, गाडी अगोदर हलवली का नाही? त्या वर्षी तंजावरात मोठी परिषद भरणार होती. मंत्री यायचे होते, पाहुणे यायचे होते. रस्त्यांना डांबर आणि भिंतींना रंग लागत होता. रस्त्यावरच्या गाड्या काढून घ्या, नाहीतर आम्ही काढू, असं कर्णा लावलेली एक रिक्षा गल्लोगल्ली सांगत फिरत होती. ते मी ऐकलं होतं. सगळ्या रस्त्याने ऐकलं आणि सगळ्यांनी आपापल्या गाड्या हलवल्या. पण मला गाडी फक्त पुढे नेता येत होती. मला गाडी शिकवणारा साईराम पद्धतशीर माणूस. पुढे जाणं पूर्ण पक्कं झाल्याशिवाय तो मागे जाणं शिकवत नसे. माझं पुढे जाणं पक्कं झालं आणि तो काळी वस्त्रं नेसून शबरीमलैच्या यात्रेला गेला. जाताना त्यानेच गाडी आमच्या दारात लावली होती, विजेच्या खांबाला नाक टेकवून.

ढकलून मागे घ्यावी, तर मार्गळी महिना चालू. मार्गळीत, म्हणजे आपल्या धनुर्मासात, आमच्याकडे दारोदार रांगोळ्यांची चढाओढ लागते. गाडीच्या मागे सांबशिव अय्यरांच्या बायकोने काढलेला मोर होता आणि त्याचा पिसारा त्यांच्या पायरीपासून थेट आमच्या पायरीपर्यंत पोहोचला होता. आम्ही चार पुरुषांनी बॉनेटला हात लावले मात्र, अय्यरमामी दारात येऊन उभ्या राहिल्या. नुसत्या उभ्या राहिल्या. चारही पुरुष आपापल्या घरी गेले.

गाडी का घेतली तेही सांगायला हवं, नाहीतर भूगोलाचा मास्तर उतारवयात चैनीला लागला असं वाटेल. माझी बायको चंद्रमती पापनाशमची. तंजावरहून बसने तासाभराचा रस्ता. तिथे तिची आई अंबाबाई, भाऊ वैद्यनाथ आणि भावजय भुवना राहतात. सात-आठ वर्षांमागे भाच्याच्या मुंजीत पंगत बसली होती. भुवना वाढता वाढता म्हणाली, "वन्सं, तुम्ही लौकर आटोपा, तुमची बस जाईल. धाकट्या वन्संना काय घाई, त्यांची कार दारांत उभी आहे."

चंद्रमती पानावरून उठली. "पुन्हा येईन तर आपल्या कारने येईन," एवढंच बोलली आणि चालू लागली. मलाही उठावं लागलं. माझ्या पानावर त्या वेळी दोन पुरणपोळ्या होत्या. तुपासकट.

तेव्हापासून माहेर बंद. आईची भेट कुणाच्या लग्नात, कुठल्यातरी हॉलमध्ये, नादस्वराच्या कल्लोळात. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे कनू असते. बायका भावाच्या बऱ्यासाठी हळदीच्या पानांवर रंगीत भाताचे घास मांडून पाखरांना बोलावतात. चंद्रमती दरवर्षी गच्चीवर ते घास मांडी, ज्याच्याशी बोलत नव्हती त्याच भावाच्या नावाने. आणि एरवीही दिवेलागणीला ती गच्चीच्या एका कोपऱ्यात उभी राही.

"काय बघतेस?" मी विचारी.

"कांही नाही. ढग."

कोपरा ईशान्येचा होता. पापनाशम कुठल्या दिशेला आहे हे भूगोल शिकवणाऱ्या नवऱ्यापासून लपवता येत नाही.

मग देशाने कसलीशी दारं उघडली आणि त्यातलं एक आमच्या बँकेचं निघालं. जो मॅनेजर मला पाहताच फायलीत डोकं घाली तो बोलावून कर्ज देऊ लागला. गावातले एक जुने डॉक्टर वारले होते. त्यांच्या मुलाने परदेशी परतण्याच्या घाईत त्यांची गाडी मला दिली. गाडी दारात आली त्या दिवशी चंद्रमतीने तिच्या कपाळावर कुंकू लावलं आणि आईला पोस्टकार्ड टाकलं: कनूच्या दिवशी कारने येत्यें.

कनूला दहा दिवस उरले असताना गाडी आकाशात गेली.

ठाण्यातल्या लेखनिकाला आमच्याकडे रायटर म्हणतात. मला आयुष्यात भेटलेला पहिला रायटर तो, वेंकटरमण त्याचं नाव. माणूस शांत, जाडजूड, सारखा पान खाणारा.

"तुमच्या एकट्याचीच गाडी मिळाली, रायर," तो तमिळमध्ये म्हणाला. आम्हा मराठी लोकांना इथे रायर म्हणतात. "बाकी सगळ्यांनी हलवल्या. क्रेन मात्र तिरुचीहून येऊन बसलेली. एवढ्या लांबून आलेली क्रेन रिकामी कशी परत पाठवायची?"

"म्हणजे माझी गाडी तुम्ही क्रेनचं मन राखायला उचललीत?"

"असं कसं? आदेश होता. पण खर्च वाटून घ्यायला दुसरं कोणी नाही, हे तुमचं दुर्दैव."

त्याने खर्च सांगितला. क्रेनचं तिरुचीहून येणं, तिरुचीला जाणं, क्रेनवाल्याचं जेवण, उचलणी, ठेवणी, आणि वर आवारात गाडी उभी असेल तितके दिवस भाडं. रक्कम मी लिहीत नाही. एवढंच लिहितो की गाडी मला ज्या किमतीला पडली होती तिच्यापेक्षा ती उचलायला जास्त पडली होती. बँकेचं कर्ज डोक्यावर होतंच. मी खुर्चीत बसलो. खुर्ची आरोपींसाठी होती असं नंतर कळलं.

"आणि आर. सी. बुक डॉक्टरांच्या नावावर आहे," वेंकटरमण पुढे म्हणाला. "पैसे भरले तरी गाडी मालकालाच मिळेल. त्यांना घेऊन या."

"ते वारले."

"मग त्यांचा दाखला आणा."

"दाखला त्यांच्या मुलाकडे. मुलगा परदेशात."

"मग मुलाला आणा." त्याने पान तोंडात टाकलं. "घाई नाही. गाडी आमच्याकडे सुरक्षित आहे."

घरी आलो तर निम्मा रस्ता आमच्या ओसरीवर. मदतीला म्हणून. कोणी म्हणे वकील करा, कोणी म्हणे गाडी चोरीला गेल्याची तक्रार करा, पोलिसांकडेच. पण सांबशिव अय्यर सर्वांना गप्प करून म्हणाले, "वरुणराव, तुम्ही मराठे. तुमचे पूर्वज राजांबरोबर आले. तुम्ही असे हात जोडून जाता म्हणून ते ऐकत नाहीत. अंगवस्त्र घाला आणि राजवाड्यातला माणूस म्हणून जा!"

माझे पूर्वज राजांबरोबर आले हे खरं असावं, पण राजांच्या किती मागून ते नक्की नाही. तरी बुडत्याला काडीचा आधार. मी जरीकाठी अंगवस्त्र खांद्यावर टाकलं, ठाण्यात गेलो आणि वेंकटरमणला तीनशे वर्षांचा इतिहास ऐकवला. त्याने मन लावून ऐकला.

"घोड्यांवरून आले होते ना, रायर?"

"अर्थात."

"घोडा असता तर बरं झालं असतं. घोडा आम्ही क्रेनने उचलत नाही."

मग मी एक अर्ज लिहिला. भाषा भारदस्त, मजकूर हृदय हेलावणारा. तो मी वरिष्ठांना पाठवला. वरिष्ठांनी त्यांच्या वरिष्ठांना. तिथून तो शेरे खात खात खाली उतरला आणि शेवटी 'योग्य कार्यवाहीसाठी' वेंकटरमणच्याच टेबलावर येऊन पडला. "छान लिहिलंय," तो म्हणाला. "माझ्या डोळ्यांत पाणी आलं." शबरीमलैहून परतलेल्या साईरामला हे सगळं कळलं तेव्हा तो गंभीरपणे म्हणाला, "सार, उद्यापासून रिव्हर्स सुरू करू."

कनूचा दिवस उजाडला. चंद्रमतीने गच्चीवर घास मांडले, पाखरांना हाका मारल्या, खाली आली आणि नवी साडी नेसली. ही पापनाशमला जायचं म्हणून घेतलेली साडी होती. मला वाटलं, आता ही रडणार. रडणाऱ्या बायकोपुढे काय बोलायचं याची मी तयारी करत होतो, तोच ती म्हणाली, "मला कार दाखवा."

"ठाण्यात? या साडीत?"

"मग कोठें? तेथेंच आहे ना ती?"

आवारात बाभळीखाली आमची गाडी उभी होती. एका बाजूला पकडलेल्या सायकलींचा ढीग, दुसऱ्या बाजूला चाक नसलेली बैलगाडी. गाडीवर धूळ, टपावर शेंगा. चंद्रमतीने पदराने काच पुसली. वेंकटरमण दारात आला. मी स्पष्टीकरणाला तोंड उघडलं, पण नव्या साडीतली बाई पोलीस ठाण्यात गाडीची काच पुसते आहे हे पाहून तोच ओशाळला.

"मामी, बसायचं तर बसा आत," तो म्हणाला. "फक्त चालू करू नका."

ती पुढच्या सीटवर बसली. मी स्टिअरिंगमागे बसलो. समोर पिवळी भिंत, भिंतीपलीकडे कुंभकोणमचा रस्ता. गाड्यांचे आवाज येत होते.

"पापनाशम कुणीकडे?" तिने विचारलं. विचारायची गरज नव्हती.

"समोर," मी म्हणालो. गाडीचं तोंड नेमकं तिकडेच होतं. मध्ये फक्त सरकारी भिंत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती पुन्हा तयार. तिसऱ्या दिवशीही. परिषद भरली, संपली, मंत्री आले, गेले. आमचं आवारात जाणं सुरूच राहिलं. गावात लोक संध्याकाळी मोठ्या देवळात जात, आम्ही ठाण्यात जात होतो. ती डब्यात सुंडल घेऊन येई, म्हणजे उसळ. अर्धं वेंकटरमणला, अर्धं आम्हाला. शिपाई तिला बघून उठून उभे राहत. माझ्यासाठी कोणी उठत नसे.

आणि गाडीत बसलं की ती निघे.

पहिल्यांदा मला कळलंच नाही. "पशुपतिकोविल आलें," ती एकदम म्हणाली. मी इकडेतिकडे पाहिलं. "हळू चालवा हो. भात वाळत टाकलें आहे रस्त्यावर." मी स्टिअरिंग धरलं. थोड्या वेळाने, "अय्यमपेट्टैचें फाटक बंद आहे. थांबा." मी खरोखर ब्रेक दाबला. भूगोलाच्या मास्तराने, जबाबदार माणसाने, बंद गाडीचा ब्रेक दाबला आणि रेल्वे जाईपर्यंत थांबून राहिला. शिपाई आमच्याकडे पाहत होते. त्यांच्या चेहऱ्यावर दया होती आणि ती दोघांपैकी कोणासाठी आहे हे उघड होतं.

वाटेत ती भुवनाला काय काय ऐकवायचं त्याची उजळणी करी. भाषण रोज थोडं वाढे. मग कुडमुरुट्टी नदीचा पूल येई आणि ती गप्प होई. पुलापलीकडे पापनाशम. पण पुलापलीकडे तिने गाडी कधी नेली नाही. "उशीर झाला, चला," म्हणे आणि दार उघडून खाली उतरे. बाभळीच्या शेंगा तुडवत आम्ही घरी येत असू.

एकदा मी म्हणालो, "बसने जाऊन ये ना. आईला बरं वाटेल."

"कार्ड टाकलें आहे मी," ती म्हणाली. "कारने येत्यें म्हणून. आता बसने गेल्यें तर भुवना हसेल."

"आणि आई?"

त्या रात्री भातात मीठ दोनदा पडलं. मी तक्रार केली नाही.

गाडीचं पुढे काय झालं ते इथेच सांगून मोकळा होतो. डॉक्टरांच्या मुलाने परदेशातून कागद पाठवले, पण ते येईपर्यंत आवाराचं भाडं असं वाढलं की क्रेनचा खर्च त्यापुढे नम्र वाटू लागला. लिलाव झाला. अय्यमपेट्टैच्या एका केळीच्या व्यापाऱ्याने गाडी घेतली, ते पैसे क्रेनवाल्याकडे गेले आणि माझ्या वाट्याला बँकेचे हप्ते आले. अजून भरतो आहे. रस्त्यात ती गाडी दिसली तर मी दुसरीकडे पाहतो. मागच्या सीटवर केळीचे घड बसलेले असतात, ऐटीत.

पण हे नंतरचं. लिलावाच्या आधी, माघ सरत आला होता तेव्हाची गोष्ट. आम्ही दोघं गाडीत बसलो होतो. पशुपतिकोविल मागे पडलं होतं. इतक्यात ठाण्याच्या फाटकापाशी गलका ऐकू आला.

"माझी मुलगी कोठें आहे? तिने काय चोरलें?"

नऊवारी नेसलेली, हाडांची काडी झालेली एक म्हातारी, एका हाताने शिपायाला बाजूला सारत आत येत होती. दुसऱ्या हातात कापडी पिशवी. अंबाबाई. चंद्रमतीची आई. ती एकटी बसने आली होती, देवळात जाऊन येत्यें असं घरी सांगून. आमच्या घराला कुलूप पाहून तिने सांबशिव अय्यरांकडे चौकशी केली होती आणि त्यांनी, स्वभावाला जागून, एवढंच सांगितलं होतं: "ते दोघे? ते रोज संध्याकाळी पोलीस ठाण्यात असतात."

चंद्रमती गाडीतून उतरायला धडपडली. आतून दाराची कडी अडकली. ऐन वेळी अडकायची तिला सवय होती. ती काचेवर हात मारत राहिली, म्हातारी बाहेरून काचेला हात लावून उभी. शेवटी वेंकटरमणने बाहेरून दार ओढलं.

म्हातारीने मुलीच्या तोंडावरून हात फिरवला, कपाळापासून हनुवटीपर्यंत.

"कनूला आली नाहीस," ती म्हणाली.

"कार धरून नेली, आई."

"मी दारांत बसल्यें होत्यें. रस्त्यावर कार वाजली की उठायची. वैद्यनाथ म्हणाला, उगें उठूं नको, गुडघे जातील. कोणाच्या कोणाच्या कार आल्या गे त्या दिवशी! सगळ्या पुढे गेल्या." मग तिने गाडीकडे पाहिलं. "हीच कां?"

"हीच."

"चांगली आहे." तिने स्वतःच मागचं दार उघडलं, पिशवी मांडीवर घेतली, पाय वर घेऊन ऐसपैस बसली आणि डोळे मिटले. "चला."

मी स्टिअरिंगमागे होतो. चंद्रमती दारात उभी. वेंकटरमण पान चघळायचं विसरला. भिंतीपलीकडून एक बस हॉर्न वाजवत गेली.

म्हातारीने एक डोळा उघडला.

"ही चालत नाही कां?"

"नाही, आई," चंद्रमती म्हणाली, आणि इतक्या दिवसांत न फुटलेलं रडू तिला तिथे, पोलिसांसमोर, सायकलींच्या ढिगासमोर फुटलं.

अंबाबाईने तिला रडू दिलं. मग पिशवी उचलली आणि गुडघ्यांवर हात ठेवत सीटवरून उतरली.

"मग बसने जाऊं. मी आल्यें ना बसने? काय झालें मला?"

वेंकटरमण स्वतः रस्त्यावर गेला आणि हात आडवा करून पापनाशमवरून जाणारी कुंभकोणमची बस थांबवली, थांबा नसताना. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी सरकारी अधिकाराने माझं काम केलं. बस भरलेली होती. एक सीट मिळाली, तिच्यावर मायलेकी बसल्या. मी दोन भाजीवाल्यांच्या मध्ये, एका पायावर. अय्यमपेट्टैचं फाटक उघडं होतं. पूल केव्हा गेला मला दिसलंच नाही, माझं तोंड टोपलीतल्या शेवग्याच्या शेंगांत होतं. दिसत होती ती फक्त चंद्रमतीची मान, आईच्या खांद्याकडे कललेली.

घराचं दार भुवनाने उघडलं. सासूला शोधायला माणसं गेली होती, ती घाबरलेली होती, हात पिठाचे. चंद्रमतीने तिच्याकडे पाहिलं. महिनाभर उजळणी केलेलं भाषण मला आता तोंडपाठ होतं. जिथे अडेल तिथे आठवण करून द्यायची माझी तयारी होती.

"केस किती पांढरे झाले गे तुझे, भुवना," चंद्रमती म्हणाली.

"तुमचेही, वन्सं," भुवना म्हणाली, आणि पिठाच्या हातांनीच तिचा हात धरून तिला आत घेऊन गेली. म्हातारी त्यांच्या मागून, भिंत धरत. आतून लगेच भांड्यांचे आणि तिघींनी एकदम बोलण्याचे आवाज येऊ लागले.

ओसरीवर मी आणि वैद्यनाथ उरलो. इतक्या वर्षांनी भेटलेले मेहुणे. तो खांबाला टेकून बसला, मीही दुसऱ्या खांबाला टेकलो. त्याने घसा साफ केला. मीही केला. रस्त्यावर त्याची नजर दोनदा जाऊन आली, आणि तिथे काहीच उभं नव्हतं. पण तो भला माणूस. त्याने त्याबद्दल विचारलं नाही.

"कार घेतली म्हणे," तो बऱ्याच वेळाने म्हणाला. "पेट्रोल फार खाते कां?"

मी विचार केला.

"थेंबही नाही," मी म्हणालो.